500 ब्रॉयलर, घरचा मका, बजेट 50 हजार – खाद्याचं कसं बसवू?

मळेकरी: राम राम मंडळी. तालुका संगमनेर. वैशाखात यात्रा आहे, त्या बेताने 500 ब्रॉयलरची बॅच टाकतोय, पिल्लं ठरलीत. शेड पत्र्याचं, उघडं. खाद्याला 50 हजारांच्या वर जायचं नाही. घरचा मका पडून आहे. तयार फिनिशरमध्ये, म्हणजे शेवटच्या टप्प्याच्या खाद्यात, 30 टक्के भरडून मिसळला तर चालेल का?

शेडवाला: 500 मध्ये काय उरणार? कराराने करा. पिल्लं, खाद्य, औषध कंपनीचं, आपल्याला किलोमागे पैसे. माझे 5 हजार पक्षी असतात, एफसीआर, म्हणजे एक किलो वजनाला लागणारं खाद्य, 1.6 किलोच्या आत.

मळेकरी: दादा, 5 हजारांचं शेड कुठून आणू?

हिशेबी: दोन किलोचा पक्षी साधारण 3.4 किलो खातो. म्हणजे 50 किलोच्या 34 पिशव्या: पहिले दहा दिवस प्री-स्टार्टर 3, एकविसाव्यापर्यंत स्टार्टर 10, पुढे फिनिशर 21. पिशवी दोन हजारांना धरली तर 68 हजार. तुमचं बजेट इथेच संपलं. आता मका. फिनिशरमध्ये प्रथिनं 19 टक्के, मक्यात 9. सत्तरास तीस मिसळलंत की 16 वर येता. पक्षी खाईल भरपूर, पण चरबी धरेल आणि वजनाला रेंगाळेल. मका घालायचाच तर सोयाची डीओसी (तेल काढलेली पेंड), तेल आणि प्रीमिक्स (जीवनसत्त्वं-खनिजांचं मिश्रण) घेऊन फिनिशर घरीच बनवा.

नानांचा_वाडा: गावरान पाळा. हे हार्मोनवाले पक्षी खातं कोण?

शेडवाला: नाना, हार्मोन कोण देतंय? पिढ्यान्‌पिढ्या निवड करून वाढवलेली जात आहे ती. आणि तुमची गावरान 40 दिवसांत मुठीएवढी असते.

नानांचा_वाडा: चवीचं बोला की.

कुक्कुटताई: अहो, तो खाद्याचं विचारतोय! दादा, पहिला दिवस सांभाळा. तुसावर कागद अंथरून त्यावरच थोडं थोडं खाद्य टाकायचं. रात्री दहा-बारा पिल्लं उचलून गळ्याखालची पिशवी बोटाने चाचपायची. भरलेली, मऊ लागली पाहिजे. रिकामी असली तर ब्रूडरची ऊब कमी पडतेय किंवा पाणी सापडत नाहीये. पुढे भांड्याची कड पक्ष्याच्या पाठीच्या रेषेत ठेवा, दर दोन-तीन दिवसांनी वर घ्या. भांडं खाली राहिलं की निम्मं तुसात उकरतात. पैसे तिथे जातात, पिशवीच्या भावात नाही.

वैतागलेला_सटाणा: मक्याचं मी सांगतो. गेल्या पावसाळ्यात ओलसर मका भरडला, दाण्याच्या टोकाला हिरवट बुरशी होती, म्हटलं काय होतंय. पक्षी सुस्त, मरतूक रोजची. चिरून पाहिलं तर काळीज पिवळं पडलेलं. डॉक्टर म्हणाले बुरशीचं विष. त्यात दुकानदाराने टॉक्सिन बाइंडर, म्हणजे ते विष बांधून ठेवणारी पावडर, या नावाखाली काय दिलं देव जाणे. तयार खाद्यच घ्या.

हिशेबी: मीही तेच म्हणतोय, नुसता मका नको.

शेडवाला: मका नकोच. आणि वैशाखात 11 ते 4 भांडी वर टांगा. भर उन्हात खाल्लेलं पचवताना पक्षी आतून तापतो, धापा टाकून मरतो. खाद्य पहाटे आणि रात्री, दिवा लावून. पाणी मात्र दिवसभर, गार.

कुक्कुटताई: विक्रीच्या उचलीआधी सहा-आठ तास खाद्य बंद, पाणी चालू. नाहीतर वजनावरून व्यापारी कटकट करतो.

मळेकरी: सगळ्यांचे आभार. ताईंचं आणि दुपारच्या खाद्याचं तंतोतंत करतो. बाकी ठरलं असं: मका घालणारच, फिनिशरमध्ये 15 टक्के. डीओसीचा खटाटोप नको. पक्षी 400 च घेतो. पाच-सहा दिवस जास्त लागले तरी चालतील, गिऱ्हाईक गावातलंच आहे. मका वाळलेला आहे, दाताखाली कडक वाजतो.

हिशेबी: मग विचारलंत कशाला?

वैतागलेला_सटाणा: दात काय सांगतात! दाणे फोडून आत बघा.

डाळिंबवाला: कोंबडखत देणार असाल तर कळवा. गाडी मी पाठवतो.