‘साभार’, ‘सौजन्याने’ की ‘श्रेयनिर्देश’?

परभणी : आमचा भाचा अन् त्याचे मित्र कागद-पेन्सिल-फाशांवरचा एक कथाखेळ मराठीत आणायलेत. नियम ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ या इंग्रजी खेळाच्या एसआरडी ५.१ मधून, म्हणजे त्याच्या नियमांच्या दस्तऐवजातून घेतलेत. २०२३ मध्ये तो दस्तऐवज क्रिएटिव्ह कॉमन्सच्या ‘बाय ४.०’ परवान्याखाली, म्हणजे मूळ कर्त्याचा उल्लेख करायच्या (‘अ‍ॅट्रिब्यूशन’) अटीवर सगळ्यांना वापरायला खुला झाला. शेवटच्या पानावर पोरानं लिहिलंय, ‘विझर्ड्स ऑफ द कोस्ट यांच्या सौजन्याने’. ही त्या खेळाची कंपनी. मला खटकतंय. ‘अ‍ॅट्रिब्यूशन’ला नेमका शब्द काय?

लातूर : ‘साभार’ लिहा की. सुटसुटीत आहे.

नांदेड : नको हो. ‘साभार’ म्हणजे आभारासह. आभार मानणं आपल्या मर्जीवर, इथं तर अट आहे. शिवाय व्हॉट्सअ‍ॅपनं या शब्दाची पार रया घालवली. ‘साभार’ लिहितात अन् पुढं नावच नसतं! परवान्याला आभार नकोत, माहिती हवी : कर्ता कोण, हक्क कोणाचा, परवाना कोणता, तो कुठं वाचायचा अन् तुम्ही काय बदललं.

‘सौजन्याने’ त्याहून वाईट. पत्रिकेवर ‘अमुक ट्रेडर्सच्या सौजन्याने’ छापलं की मंडपाचे पैसे त्यांनी दिले असं लोक समजतात. मूळ कर्त्याचा तुम्हाला पाठिंबा आहे असं भासवायला परवान्यात मनाई आहे.

पैठण : ‘नामनिर्देश’ म्हणावं, तर निवडणुकीचा अर्ज आठवतो. नुसतं ‘श्रेय’ म्हटलं की श्रेयवाद, श्रेय लाटणं. म्हणून ‘श्रेयनिर्देश’ बरा. त्यात दाखवून देणं आहे, मिरवणं नाही.

आमच्या नाथांचं बघा. ‘एका जनार्दनी’, स्वतःच्या नावाला गुरूचं नाव जोडूनच सही. शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली, तर तेही सालासकट लिहून ठेवलं. भाच्याला सांगा, भाषांतर हाही बदलच, त्याची नोंद पाहिजे.

परभणी : मग पानावर लिहायचं काय?

नांदेड : वाक्य जुळवत बसू नका. एसआरडीत श्रेयाचं तयार वाक्य दिलंय, ते जसंच्या तसं उतरवा. कंपनीबद्दल त्याहून वेगळं श्रेय जोडू नका, असंही तिथंच म्हटलंय. वर मथळा ‘श्रेयनिर्देश’, खाली वेगळ्या ओळीत ‘मराठी भाषांतर व बदल आमचे’.

परभणी : ‘सौजन्याने’ खोडलं. आता तो म्हणायलाय, मुखपृष्ठावर ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ मोठ्या अक्षरात टाकू का?

नांदेड : अजिबात नको! मजकूर खुला झाला म्हणून व्यापारचिन्ह खुलं होत नाही. ‘फिफ्थ एडिशनशी’, म्हणजे त्या खेळाच्या पाचव्या आवृत्तीशी, ‘सुसंगत’ एवढं लिहायची मुभा त्याच दस्तऐवजात आहे.

लातूर : ‘सुसंगत’ कशाला, ‘फिफ्थ एडिशनला जुळणारा’ म्हणा. लेकरं खेळणार आहेत ना?

पैठण : हे मात्र पटलं.