चवथीपर्यंत जुन्या साड्या आणि मोडक्या छत्र्यांचं वृद्धाश्रमासाठी काय शिवता येईल?

मोगरी_फोंडा

नमस्कार. घरात आम्ही पाच जण: आम्ही दोघं, सासूबाई, सातवीतला मुलगा आणि दुसरीतली मुलगी. चवथीला अजून आठ आठवडे आहेत. संध्याकाळी पावसात बाहेर पडणं होत नाही, तो वेळ सगळ्यांनी मिळून काहीतरी शिवण्यात घालवायचा आणि झालेल्या वस्तू जवळच्या वृद्धाश्रमात द्यायच्या असं ठरतंय. नवं काही विकत आणायचं नाही, दोरा आणि सुया तेवढ्या आणू.

सामान असं आहे: सुती साड्या 14 (एक जाड, लाल चौकड्यांची, सासूबाईंच्या आईची), डबल बेडच्या चादरी 5, मोडक्या छत्र्या 4, डबाभर बटणं, जुन्या पँटींच्या चेनी, ब्लाउजचे हूक. शिलाई मशीन साधं, पायाचं. सासूबाईंचा हात उत्तम आहे, पण सुईत दोरा ओवायला दिसत नाही. गोधड्या डोक्यात आहेत. किती होतील, केवढ्या करू, मुलांना काय देऊ? आणि गोव्याच्या या दमट हवेत काय बिघडतं तेही सांगा.

धावदोरा

ताई, शिवणं नंतर, आधी निवड. प्रत्येक साडी खिडकीशी उजेडात धरा आणि दोन्ही अंगठ्यांनी कापड ताणून बघा. पायाशी जिथे फॉल असतो तो भाग, निऱ्यांच्या घड्या आणि पदराची खांद्यावरची जागा सगळ्यात आधी विरते. अंगठ्याच्या जोराला ‘चर्र’ झालं तर ते कापड वरच्या थराला चालणार नाही. आतल्या थराला मात्र चालतं.

दुसरी निवड सुती की मिश्र याची. काठाचे दोन-चार धागे काढून मोठ्या माणसाने जाळून बघावेत. कागदासारखा वास आणि बोटांत भुगा होणारी राखाडी राख म्हणजे सुती. धागा वितळून काळी कडक गोळी झाली तर त्यात पॉलिएस्टर आहे. एका गोधडीत दोन्ही मिसळू नका. सुती धुण्यात आटतं, पॉलिएस्टर आटत नाही, आणि तीन धुण्यांत गोधडीला सुरकुत्या पडतात. फॉल उसवून काढा, तोही बहुधा मिश्र असतो. फेकू नका, बांधायचे बंद शिवायला उपयोगी पडतो.

तिसरी गोष्ट रंग. ओल्या पांढऱ्या फडक्याने लाल, निळा, काळा भाग चोळून बघा. फडक्यावर रंग उतरला तर ती साडी वेगळी काढा. मिठाच्या पाण्यात भिजवून रंग पक्का होतो असं घरोघरी सांगतात, पण रंगून झालेल्या कापडावर मिठाचा काही उपयोग होत नाही. दोन-तीनदा गरम पाण्यात धुऊन सुटणारा रंग काढून टाकणं हाच उपाय.

आता माप. खुर्चीत किंवा व्हीलचेअरमध्ये बसणाऱ्यांच्या मांडीवर घ्यायची गोधडी 90 × 110 सेंमी पुरे. त्याहून लांब झाली की चाकात अडकते किंवा पायात येते. साडीचा पन्हा साधारण 115 सेंमी आणि लांबी साडेपाच मीटर, म्हणजे 95 सेंमीचे पाच तुकडे निघतात आणि पदराचा 75 सेंमी भाग उरतो. दोन साड्यांचे दहा तुकडे, त्यात तीन थरांच्या तीन गोधड्या. तीनच थर ठेवा. आपल्याकडे पावसात पाच थरांची गोधडी दोन-दोन दिवस वाळत नाही, आत कुबट वास धरते, मग बुरशीचे काळे ठिपके. जाड गोधडी दिसते छान, पण ज्यांना ती रोज धुवावी लागते ते ती कपाटात ठेवून देतात.

किती होतील याचा हिशेब आधीच मांडा. 110 सेंमी लांबीच्या, एकमेकींपासून अडीच सेंमीवर साधारण 35 ओळी बसतात. दोरा जाता-येता धरून 50 मीटरच्या आसपास. सराईत हाताला एका ओळीला 12 मिनिटं धरली तरी एका गोधडीचे सात तास. आठ आठवड्यांत सहा नीट झाल्या तर खूप झाल्या. वीसच्या नादी लागू नका.

दोरा जाड सुती, पीळदार घ्या. मशीनचा दोरा दुहेरी केला तर त्याला गाठी पडतात. एका वेळी हातभरच, 50 सेंमीच्या आत, कापायचा. लांब दोरा प्रत्येक टाक्याला कापडातून घासला जातो आणि शेवटी पिंजून तुटतो. मेणबत्तीवरून एकदा ओढून घेतला की गुंता कमी होतो. मधल्या बोटाला अंगुस्तान हवंच, तीन थरांतून सुई ढकलताना बोट सोलतं.

सासूबाईंसाठी: मुलीने संध्याकाळी दहा सुयांत दोरा ओवून त्या एका कापडी गादीवर ओळीने टोचून ठेवायच्या. मोठ्या नेढ्याच्या सुया घेतल्या तर दुसरीतल्या मुलीला हे जमतं. फॉल उसवणं, बटणं निवडणं, खडूच्या दोरीने रेघा मारणं हीसुद्धा तिची कामं. मुलाला आतल्या ओळी द्या, पण आधी एका फडक्यावर त्याचे टाके पाच-सहा मिलिमीटरचे येतात का बघा. बोटभर लांब टाका म्हाताऱ्या माणसाच्या नखात, अंगठीत अडकतो.

काठपदर

लाल चौकड्यांची ती साडी हातमागाची जुनी कुणबी साडी असेल तर तिला कात्री लावू नका. गोव्याचे फॅशन डिझायनर वेंडेल रॉड्रिक्स यांनी कुणबी साडी पुन्हा लोकांसमोर आणली तेव्हा खऱ्या जुन्या साड्या मिळणंच अवघड झालं होतं. सासूबाईंच्या आईची म्हणजे तिचं वयही बरंच असेल. सुती कापडात गुंडाळून ठेवा, प्लास्टिकच्या पिशवीत नको, आणि वर्षातून दोनदा घडी बदला, नाहीतर घडीवरच फाटते.

गोधडीसाठी आणखी एक रीत आहे. आपल्या शेजारच्या उत्तर कन्नड जिल्ह्यात, यल्लापूर-हल्याळच्या बाजूला, आफ्रिकी वंशाच्या सिद्दी समाजाच्या बायका जी कवंदी (ठिगळांची गोधडी) शिवतात तिची. खाली एक अखंड साडी पसरायची. तिच्या कडा आत दुमडायच्या. एका कोपऱ्यापासून सुरुवात करून ठिगळं कडा मोडून लावत जायची आणि धावदोऱ्याने कडेकडेने फिरत मध्यभागी यायचं. वेगळा गोट लागत नाही, कच्चे टाके लागत नाहीत, आणि हाताएवढी कापडंसुद्धा खपतात. पूर्ण झाल्यावर चारही कोपऱ्यांना घडी घातलेले छोटे त्रिकोण लावतात, त्यांना ‘फुलां’ म्हणतात. तुमच्याकडे पदराचे जे 75 सेंमीचे तुकडे उरतील त्यांच्यासाठी ही रीत उत्तम. चार जण चार बाजूंनी बसू शकतात, घरच्या कामाला हीच मोठी सोय.

मोगरी_फोंडा

खूप आभार. ती साडी बाजूला ठेवली. एक नमुना 30 सेंमीचा शिवून पाहिला, तीन थर, कडेपासून सुरू करून. मधोमध फुगा आला आणि चौकोन वाकडा झाला. काठपदर, तुम्ही सांगितल्याप्रमाणे कडेपासूनच सुरू केलं होतं. कुठे चुकलं?

काठपदर

तुम्ही तिन्ही थर आधीच पूर्ण कापून ठेवले होते, हीच चूक. कवंदीत वरची ठिगळं जसजशी शिवत जाल तसतशी लावायची असतात. शिवताना प्रत्येक ओळ कापड थोडं पुढे ढकलते. ठिगळ अजून लावलेलं नसेल तर ते वाढलेलं कापड पुढच्या दुमडीत जिरतं. तीन पूर्ण थर असतील तर ते मध्ये गोळा होतं आणि कोंडून बसतं.

पूर्ण थरांची गोधडी उलट मध्यातून बाहेर शिवायची. जमिनीवर चटईवर खालचा थर ताणून चारही बाजूंना जड डबे ठेवा, त्यावर दुसरा, तिसरा, तळहाताने मधून बाहेर सपाट करत. मग हाताच्या पंजाएवढ्या अंतरावर, 15 सेंमीवर, कच्चे टाके, तेही मधून सुरू करून. ताणा-बाणा तिन्ही थरांत एकाच दिशेने ठेवा. एक थर आडवा पडला की धुतल्यावर गोधडीला पीळ येतो. आणि दोरा ओढून घट्ट करू नका. ओळ संपली की अंगठा आणि तर्जनीत धरून ती सुरुवातीकडून शेवटाकडे निपटायची, चुण्या मोकळ्या होतात, मगच गाठ.

खांडेपार_काठ

छत्र्यांबद्दल कोणी लिहिलं नाही म्हणून लिहितो. वृद्धाश्रमात वॉकर वापरणाऱ्यांचे दोन्ही हात अडकलेले असतात. चष्मा, रुमाल, फोन ठेवायला वॉकरच्या पुढच्या आडव्या दांडीला बांधायची पिशवी त्यांना रोज लागते. छत्रीचं कापड त्यासाठी चांगलं, हलकं आहे आणि ओल्या फडक्याने पुसता येतं.

आधी कापडाची आतली बाजू बोटाने जोरात चोळा. चिकट लागलं किंवा पापुद्रे निघाले तर वरचा लेप गेलाय, ती छत्री सोडून द्या. कापड काढताना ओढू नका. प्रत्येक काडीच्या टोकाला टोपीपाशी टाके असतात आणि मध्ये सांध्यापाशी एक बांधलेली गाठ असते, ते सगळं उसवायचं. काड्या मोठ्यांनीच हाताळाव्यात. मोडलेली टोकं डोळ्यात जाण्याची भीती असते.

आठ पाकळ्यांच्या, 55 सेंमी काडीच्या छत्रीत दोन-दोन पाकळ्या जोडलेल्याच ठेवून कापा. मधली शिवण तुकड्याच्या मधोमध उभी येऊ द्या, म्हणजे 40 × 26 सेंमीचा एक आयत बसतो. एका छत्रीतून असे चार आयत, दोन पिशव्या. त्या मधल्या शिवणीवर पुन्हा एक शिलाई घाला, मूळ शिवण साखळी टाक्याची असते आणि एका टोकाला तुटली की सरसर सुटते.

मशीनला 11 नंबरची सुई, टाका मोठा, तीन मिलिमीटरचा. बारीक टाक्याने या कापडाला पोस्टाच्या तिकिटासारखी भोकं पडतात आणि तिथेच फाटतं. टाचण्याही नकोत, त्यांची भोकं बुजत नाहीत. कपडे वाळत घालायचे चिमटे लावा. कापड मशीनच्या पायाखाली सरकत नसेल तर वर-खाली वर्तमानपत्राची पट्टी ठेवून शिवा आणि मग ती फाडून काढा. कडा सुटतात म्हणून उलटसुलट दुहेरी शिवण घाला: आधी सुलट बाजूने पाच मिलिमीटरवर, मग पिशवी उलटी करून आठवर.

पिशवी बांधायचे बंद छत्रीच्या कापडाचे नकोत, ते निसरडे होतात आणि गाठ सुटते. चादरीची 8 सेंमी रुंद पट्टी चौपदरी दुमडली की दोन सेंमीचा मजबूत बंद होतो. तीन बंद हवेत: दोन टोकांना, एक मध्ये. मधला विसरला तर पिशवी झोळीसारखी लोंबते. पिशवी दांडीच्या आतल्या बाजूला, वापरणाऱ्याकडे, आणि सपाट. बाहेर बांधली किंवा त्यात पाण्याची मोठी बाटली ठेवली की वॉकर पुढे कलंडतो. म्हणून खोली 24 सेंमीच्या वर नेऊ नका, जागा असली की माणूस भरतोच.

परिचारिका_म्हापसा

बटणं, चेनी, हूक यांच्यासाठी: स्मृतिभ्रंश झालेल्यांचे हात सारखे काहीतरी शोधत असतात. चादर कुरतडणं, गाऊनची बटणं काढणं चालू राहतं. त्यांच्यासाठी मांडीवरचा चाळापट शिवा. 45 × 30 सेंमीचा दुहेरी जाड चादरीचा तुकडा, त्यावर एक चालू चेन, दोन मोठी बटणं काजांसह, एक खिसा आणि त्यात कोपरा शिवून टाकलेला रुमाल, एक साडीचा मऊ काठ. आणि वरच्या कडेला घट्ट शिवलेल्या तीन कापडी पट्ट्या, वेणी घालायला. आयुष्यभर आबोलीच्या फाती (गजरे) वळलेल्या बाईचे हात या तीन पट्ट्यांवर आपोआप चालतात. एका पटावर पाच-सहा गोष्टी पुरे, जास्त झाल्या तर गोंधळ होतो.

काय लावायचं नाही ते जास्त महत्त्वाचं. मणी, टिकल्या, लहान बटणं, ब्लाउजचे हूक नकोत, ते तोंडात जातात किंवा टोचतात. खरखरीत जर नको, उतारवयात कातडी कागदासारखी पातळ होते. बोटाला गुंडाळली जाईल अशी बारीक नाडी नको. वेणीच्या पट्ट्या तीन सेंमी रुंद आणि 15 सेंमीच्या आत ठेवा. प्रत्येक बटण चार भोकांचं, दुहेरी दोऱ्याने, मागच्या बाजूला कापडाचा छोटा तुकडा घेऊन शिवा, आणि शेवटी मुलाला सांगा जीव लावून ओढ. निघालं तर पुन्हा शिवायचं. चेनीचं खालचं टोक टाक्यांनी बंद करा, नाहीतर सरकता भाग हातात येतो.

द्यायच्या आधी संस्थेला फोन करा. प्रोव्हेदोरियाचा (गोवा सरकारच्या साहाय्य संस्थेचा) वृद्धाश्रम असो की चर्चने चालवलेला, तीन गोष्टी विचारा: व्हीलचेअर आणि वॉकर किती जण वापरतात, कपडे मशीनमध्ये धुतात का, आणि वस्तूवर नाव घालायची जागा लागते का. पांढऱ्या कापडाची 3 × 8 सेंमीची कोरी पट्टी प्रत्येक वस्तूच्या मागे शिवून ठेवा, नाव ते लिहितील. सगळ्यांना सारखं मिळेल एवढंच न्या. दहा जणांच्या खोलीत सहा गोधड्या गेल्या तर चार जण बघत बसतात. मग सहा गोधड्या आणि चार पिशव्या, असं काहीतरी जुळवा.

शेवटचं धुणं 60 अंशांच्या पाण्यात, त्यात ढेकूण आणि धुळीतले किडे मरतात. सुवासिक सॉफ्टनर आणि डांबराच्या गोळ्या नकोत, दमा असणाऱ्यांना त्रास होतो.

मोगरी_फोंडा

फोन केला. वॉकरवाले सात, व्हीलचेअर पाच, कपडे मशीनमध्ये धुतात. म्हणजे पाच गोधड्या, सात पिशव्या, दोन चाळापट. एक नवी अडचण: नमुन्याच्या कापडात सुई रात्रभर राहिली, सकाळी तिथे तांबडा ठिपका.

धावदोरा

गंज आहे. या दिवसांत साध्या सुया, टाचण्या एका रात्रीत कापड डागाळतात. ठिपक्यावर लिंबाचा रस आणि मीठ लावून तासभर ठेवा, मग स्वच्छ पाण्यात पूर्ण धुवा. रस कापडात राहिला तर तिथलं सूत कमजोर होतं. रंगीत भागावर आधी कोपऱ्यात करून बघा, लिंबाने काही रंग उडतात. रोज उठताना सुया मोजून घट्ट झाकणाच्या डब्यात टाका, आत बुटांच्या खोक्यातल्या त्या शोषक पुड्या ठेवा. मोजणी मुलीकडे द्या. दहा ओवल्या तर दहाच डब्यात परत आल्या पाहिजेत, नाहीतर गोधडी घडी करायची नाही. सात पिशव्यांना चारही छत्र्या लागतील, तेव्हा लेप गेलेली एखादी निघाली तर आत्ताच शेजारी विचारून ठेवा.