प्लाय कापायला ग्राइंडर चालेल का? आणि घरासाठी ड्रिल कोणतं घ्यावं?

नवशिका_इंदूर
मंडळी, सुदामानगरात राहतो. वरच्या खोलीत पुस्तकांसाठी ६ फुटी रॅक करायचाय, मागून भिंतीला घट्ट बसवलेला. आमचा सुतार येतो, मापं घेतो, पोहे खातो आणि "पुढच्या आठवड्यात नक्की" म्हणून जातो. म्हणून यंदा स्वतःच करणार. माळ्यावर काकांचा जुना ४ इंची ग्राइंडर सापडला, चालू आहे. सियागंजात एक दुकानदार म्हणाला, यालाच लाकडाचं दातेरी ब्लेड लावा, प्लाय लोण्यासारखा कापतो. खरं का? आणि ड्रिल कोणतं घेऊ? बजेट ४ हजार. घरात ७ वर्षांची मुलगी आहे, तिला प्रत्येक कामात लुडबुड करायची असते.

रंधा
प्लाय लोण्यासारखा कापतो हे खरंय. मांडीही. ते ब्लेड अजिबात लावू नका.

ग्राइंडर मिनिटाला ११ हजारांच्या आसपास फेरे मारतो. लाकडात दाते रुतले की तेवढा सगळा जोर मशीन उलटं तुमच्या अंगावर फेकण्यात जातो. माझ्या डाव्या मांडीला ९ टाके पडलेत, असंच ब्लेड लावून कपाटाची फळी कापताना. बटण लॉक करून ठेवलं होतं, त्यामुळे हातातून सुटल्यावरही मशीन फरशीवर गरगरत फिरत राहिलं. बायकोने धावत येऊन प्लग ओढला.

प्लायच्या दुकानात मापं लिहून द्या, बरेच जण तिथेच कापून देतात. घरी फक्त जोडायचं. अगदीच हौस असेल तर जिगसॉ (वर-खाली हलणाऱ्या पात्याची छोटी विजेची करवत) घ्या.

बाकी काकांच्या ग्राइंडरला गार्ड, म्हणजे चकतीवरचं झाकण, आहे का?

चिमणबागवाली
ड्रिलचं मी सांगते, घरातले पडदे, आरसे, गीझर, सगळं मीच लावलंय. ५००-६०० वॉटचं इम्पॅक्ट ड्रिल घ्या, १३ मिमी चकचं (चक म्हणजे बिट पकडणारं तोंड), वेग कमी-जास्त होणारं आणि उलटंही फिरणारं. बॉश घ्या नाहीतर स्टॅनली, घरकामाला फरक पडत नाही. उरलेल्या पैशात चष्मा आणि चांगली बिटं घ्या. चष्मा म्हणजे कडेनेही बंद असलेला, नंबरचा नव्हे.

हातमोजे मात्र घालू नका! लोक कौतुकाने घालतात. एक धागा बिटात गुंतला की बोटासकट पिळतो. ओढणी, सैल बाही, मोकळे केस, अंगठी यांचंही तेच.

आणि चकची चावी सुतळीने वायरला, प्लगच्या अगदी जवळ बांधा. म्हणजे प्लग काढल्याशिवाय ती चकपर्यंत पोचतच नाही. हे मला आमच्या मिस्त्रींनी शिकवलं. तोवर मी एकदा चावी चकमध्येच विसरून बटण दाबलं होतं, ती ट्यूबलाइट फोडून गेली.

स्विचबोर्डच्या सरळ वर-खाली भोक पाडू नका, आतून वायरचा पाइप जातो. टाइल असेल तर कागदी टेप चिकटवून हॅमर (बिटाला ठोके देणारी सोय) बंद ठेवा, आरपार झाल्यावर मग चालू करा.

वायरमन_काका
रंधा यांनी लॉकच्या बटणाचं सांगितलं, त्यात भर. आपल्याकडे लाइट जाते. मशीन लॉक असताना गेली, तुम्ही ते तसंच टेबलावर ठेवून चहाला गेलात, आणि लाइट आली की ते आपोआप सुरू होतं. तिथे पोरगी उभी असली तर? लाइट गेली की आधी प्लग काढायचा.

काकांचा ग्राइंडर जुना, बॉडी धातूची असेल. नेमप्लेटवर चौकोनात चौकोन असं चिन्ह, म्हणजे दुहेरी इन्सुलेशनची खूण, दिसतंय का बघा. नसेल तर तीन पिनी प्लग आणि घरात खरंखुरं अर्थिंग हवंच. बोर्डात ३० मिलिअँपची आरसीसीबी (करंट गळला की लगेच वीज तोडणारा स्विच) नसेल तर रॅकच्या आधी ती बसवून घ्या. एक्स्टेंशनची गुंडाळी पूर्ण उलगडून वापरा, गुंडाळलेली वायर तापते.

नवशिका_इंदूर
गार्ड नाहीये. चौकोन आहे. सोबत डब्यात कापायच्या चकत्याही निघाल्या, मधल्या लोखंडी कडीवर २०१४ छापलंय.

रंधा
तीच त्यांची मुदत. राळेने जोडलेल्या चकत्या असतात, जुन्या झाल्या की फिरताना फुटतात. दोन तुकडे करून मगच कचऱ्यात टाका, नाहीतर कचरा वेचणारं कुणीतरी वापरेल. गार्ड मिळेपर्यंत ग्राइंडर परत माळ्यावर.

नवशिका_इंदूर
दहा दिवसांनी अपडेट. प्लाय दुकानातूनच कापून आणला. ड्रिल आलं, चष्मे दोन घेतले (एक छोटा). सुतळी मुलीने बांधली, सात गाठी मारल्यात. खालची चार भोकं झाली, वरच्या दोन जागी मात्र बिट बोटभरही आत जात नाही, नुसता धूर निघतोय.

चिमणबागवाली
वर काँक्रीटचा बीम लागला असेल. त्याला रोटरी हॅमर लागतो, हे ड्रिल उगाच रेटू नका. रॅकची वरची पट्टी चार इंच खाली घ्या, विटेत जाईल. आणि हॅमरचं चिन्ह चालू आहे ना, तेही बघा!

नवशिका_इंदूर
...नव्हतं.