गुन्ह्यांची संख्या आणि गस्तीचे काम
ग्रामीण अमेरिकेत गुन्हे कमी, म्हणून शेरीफच्या (काउंटीच्या, म्हणजे जिल्ह्यासारख्या विभागाच्या, पोलीसप्रमुखाच्या) गस्ती विभागाला काम बेताचेच, असे एक मत मांडले जाते; ते मला पटत नाही. गुन्ह्यांची संख्या कमी असते हे खरे, पण गस्तीवरच्या डेप्युटीचा, म्हणजे शेरीफच्या हाताखालील अधिकाऱ्याचा, दिवस अंतर खाऊन टाकते. ऑरेगन राज्यातील हार्नी काउंटीचेच पाहा. तिचे क्षेत्रफळ सुमारे 26,500 चौरस किलोमीटर आहे आणि 2020 च्या जनगणनेत तिथली लोकसंख्या साडेसात हजारांच्या आसपास होती. बर्न्स या मुख्य गावापासून दक्षिणेकडील फील्ड्स ही वस्ती जवळजवळ पावणेदोनशे किलोमीटर दूर आहे. तिथे घरगुती मारहाणीची तक्रार आली, तर निघालेला डेप्युटी वाटेतच दीड-दोन तास घालवतो, आणि मदतीला दुसरी गाडी यायची झाली तर तीही बहुधा तितक्याच लांबून येते. माझ्या मते या नोकरीतील सर्वांत मोठा धोका हाच आहे.

या मतात लक्षात न घेतलेली आणखी एक बाब म्हणजे ऑरेगनच्या कायद्यानुसार काउंटीतील शोध व बचावकार्याची जबाबदारी शेरीफवर असते. त्यामुळे बर्फात अडकलेला शिकारी किंवा वाट चुकलेला गिर्यारोहक शोधण्याचे कामही त्याच्याच कार्यालयाकडे येते, आणि त्यात प्रशिक्षित स्थानिक स्वयंसेवकांची मोठी मदत होते. न्यायालयाच्या नोटिसा बजावणे आणि कैद्यांची ने-आण करणे ही कामे तर आहेतच. मनुष्यबळ तुटपुंजे असले की त्यांतलीही काही गस्तीवरच्यांनाच करावी लागतात, आणि गुन्ह्यांच्या आकडेवारीत यातले काहीच दिसत नाही.