अनुभव धागा: शेरवानी ते बेलबॉटम, तुमच्या घरात नवं कसं शिरलं?

आमच्या परभणीच्या घरात एका भिंतीवर तीन फोटो आहेत. आजोबा शेरवानी आणि रुमी टोपीत, कारण निजामाच्या राज्यात शिक्षण उर्दूत आणि पोशाखही तिकडचाच. थोरले काका पायजमा-सदरा आणि गांधी टोपीत. बाबा कल्ले राखून, बेलबॉटममध्ये. तीसेक वर्षांत एका घराची तीन सोंगं! महायुद्ध १९४५ ला संपलं, पण आपल्याकडं मराठवाड्यात नवं वारं सुटायला १७ सप्टेंबर १९४८, म्हणजे निजामाचं राज्य संपलं तो दिवस, उजाडावा लागला. त्यानंतर तुमच्याकडं पहिल्यांदा काय आलं आणि घरचे काय म्हणाले? म्हाताऱ्यांना विचारून लिहिलं तरी चालेल. (‘आमच्या वेळी असं नव्हतं’ एवढंच नको, ते घरी रोज ऐकतो.)

हिंगोलीकर
रेडिओ, दुसरं काय! आमच्या गावात तो फक्त हॉटेलात. छपरावर दोन बांबू, मधे तांब्याच्या जाळीची पट्टी, खाली विटेएवढी बॅटरी. १९५२ मध्ये आकाशवाणीनं सिनेमाची गाणी जवळपास बंदच केली, मग सगळी पोरं रेडिओ सिलोनवर. बुधवारी रात्री आठला बिनाका गीतमाला. एका चहावर तेवढा वेळ बसलो की मालक कपबशा आपटायचा. मी वहीत दर बुधवारची पायदानं, म्हणजे गाण्यांचे नंबर, लिहायचो. खरखरीत गाणं बुडालं की रकाना मोकळा. वडलांना वाटायचं, पोरगं गणितं करतंय. १९५७ ला विविध भारती आली, गाणी दिवसाही मिळू लागली आणि वही मागं पडली. पुढं लग्नात सासऱ्यांनी ट्रान्झिस्टर दिला. त्याचं लायसन पोस्टात काढावं लागायचं, हे नातवाला अजून खरं वाटत नाही.

अंबाजोगाईची लेक
कॉलेजला पहिल्यांदा गोल पातळ नेसून निघाले तर आजी दारात उभी. “माय, काष्टा कुठाय?” तिला वाटलं, घाईत विसरले! मग नायलॉनची साडी आली. तिनं पदर उजेडात धरला अन् म्हणाली, “ह्यातून तर समदं गाव दिसतंय.” पावसाळ्यात ती तासाभरात वाळते हे बघितल्यावर मात्र स्वतःसाठी मागायला लागली. दुकानात नऊवारीत मिळेना, म्हणून दुकानदाराशी भांडून आली.

नागसेनवनातला
वय ८१. नात लिहून घेतेय. बाबासाहेबांनी १९५० ला औरंगाबादेत सुरू केलेल्या, पुढं मिलिंद म्हणून ओळखल्या गेलेल्या कॉलेजात मी १९६२ ला आलो. पहिली पँट तिथंच. इस्त्री म्हणजे तांब्यात निखारे. दिवाळीला गावी निघालो. आईनं आधीच निरोप धाडलेला: पँट पिशवीत ठेव, घरी आल्यावर घाल. मी घालूनच एसटीतून उतरलो. वाड्याच्या ओट्यावरून आवाज आला, “कोण सायब म्हणायचं हे?” मी नाव सांगितलं. तेव्हा कुणी काही बोललं नाही, पण त्या हंगामात बापाला तिथं काम मिळालं नाही. संध्याकाळी वस्तीत पेटी-ढोलकीवर आंबेडकरी शाहीर वामनदादा कर्डकांची गाणी चालू होती आणि लहान पोरं माझ्या पँटीची घडी बोटानं चाचपून बघत होती. इथं बाकीच्यांना घरच्यांनी बोल लावले. आम्हाला गाव बोलायचं.

खडीफोड्या
१९७२ चा दुष्काळ. कॉलेज सोडून रस्त्याच्या कामावर खडी फोडत होतो. कामावर वाटायची ती सुकडी, नाहीतर मिलोची, म्हणजे परदेशातून आलेल्या ज्वारीची, लाल भाकर. आणि तशात पगार झाल्याबरोबर मी बेलबॉटम शिवायला टाकली! खालचा घेर २४ इंच. आई आठ दिवस बोलली नाही. घरात जोंधळा नव्हता, तिचं बरोबरच होतं. पहिल्याच दिवशी पँटचा पाय सायकलच्या चेनमध्ये गेला अन् गुडघ्यापर्यंत फाटला. त्या कापडाची आईनं पिशवी शिवली. राशनला तीच न्यायची, मुद्दाम माझ्यादेखत.

धागाकर्ता
नागसेनवनातले काका, त्या पँटमधला फोटो आहे का?

नागसेनवनातला
फोटोला पैसे कुठले? माप मात्र पाठ आहे. कंबर २६.