टॅपेट कव्हरचं पॅकिंग घरी बदलता येईल का?

खामला_पेट्रोल
वॅगनआर, 1 लिटर, के10बी इंजिन. टॅपेट कव्हरच्या, म्हणजे इंजिनच्या माथ्यावरच्या झाकणाच्या, कडेने ऑइल झिरपतं, सिग्नलला थांबलं की जळका वास येतो. मधल्या सिलिंडरची कॉइल (स्पार्क प्लगला वीज देते ती) उपसली तर रबर ऑइलने माखलेलं. बोल्ट आवळून, बाहेरून सिलिकॉन फासूनही गळती तशीच आहे. घरी साधा पाना सेट आहे. पॅकिंग स्वतः बदलायला घ्यावं का?

पाना_दहा
घ्या, पण बाहेरून फासलेलं सिलिकॉन आधी पूर्ण खरवडून काढा. आतून ऑइल येत असताना बाहेरचा थर धरत नाही.

फक्त कडेचं पॅकिंग आणू नका. कॉइल ऑइलने माखली म्हणजे प्लगच्या विहिरीभोवतीचे (प्लग बसतो त्या खोल खड्ड्याभोवतीचे) सील गेलेत. तीन सिलिंडर, म्हणून तिन्ही सील आणि बोल्टखालचे रबर वॉशरही नवे घ्या. ते वॉशर कडक झाले की कव्हर सारखं दाबलं जात नाही.

काम पहाटे, इंजिन पूर्ण थंड असताना. मे महिन्यात नागपुरात दहा वाजता बोनेटला हात लावता येत नाही, आणि सिलिकॉनवरही लगेच साय धरते. बॅटरीची निगेटिव्ह तार काढा. कव्हर उघडायच्या आधी भोवतालची धूळ पुसून घ्या, नाही तं ती सरळ आतल्या कॅमवर, म्हणजे व्हॉल्व्ह उघडणाऱ्या दांड्यावर पडते. विहिरीतलं ऑइल सिरिंजने ओढून घ्या, मग प्लग खोला. उलट केलं तं ते सिलिंडरमध्ये उतरते.

कव्हर अडलं तं स्क्रू ड्रायव्हरने उचकू नका, रबरी हातोडीने कडेला हलके ठोके द्या. हेडची (कव्हर ज्यावर बसतं त्या भागाची) कडा प्लास्टिकच्या पट्टीने खरवडा. पॉलिश पेपर नको, त्याची कच ऑइलमध्ये जाते आणि ॲल्युमिनियमवर ओरखडेही पडतात. शेवटी ब्रेक क्लीनर कापडावर घेऊन पुसा. कडा कोरडी हवी, रबर ऑइलवर घसरते.

सिलिकॉन दोनच जागी: चेन कव्हर (इंजिनच्या बाजूचं टायमिंग चेनचं झाकण) हेडला भेटते ते दोन सांधे. तिथे मुगाच्या दाण्याएवढा थेंब, आणि लगेच कव्हर बसवा. पूर्ण पॅकिंगला फासलं तं ते आवळताना खाचेतून सरकते, आत पिळून निघालेला तुकडा सुटून ऑइल पंपाच्या जाळीत अडकू शकतो.

हिंगणा_वर्कशॉप
वरचं सगळं बरोबर, पण मूळ कारण पाहिलं का? पीसीव्ही व्हॉल्व्ह (इंजिनच्या आतली वाफ बाहेर ओढून घेणारा) चोक असला की क्रँककेसचा, म्हणजे इंजिनच्या खालच्या पोकळीतला दाब ऑइलला सगळ्या सीलमधून बाहेर ढकलतो. इंजिन आयडलवर ठेवून ऑइलचं झाकण सैल करा. हलकी ओढ जाणवली तं ठीक. झाकण उडायला लागलं, भकाभका वाफ आली तं आधी पीसीव्ही आणि त्याचा पाइप पाहा. व्हॉल्व्ह काढून हलवला की खडखडला पाहिजे. तो ठीक असूनही दाब असेल तं पिस्टनच्या रिंगा झिजल्या असतील, मग नुसत्या पॅकिंगने भागत नाही.

खामला_पेट्रोल
टॉर्क रेंच, म्हणजे आवळण्याचा जोर मोजणारा पाना नाही. हाताच्या अंदाजाने चालेल का?

पाना_दहा
भाड्याने किंवा मागून आणा, भाऊ. असे 6 एमएमचे बोल्ट साधारण 8 ते 11 न्यूटन-मीटरवर येतात, नेमका आकडा तुमच्या गाडीच्या सर्व्हिस मॅन्युअलमधून घ्या. आधी सगळे बोटांनी बसवा, मग मधून बाहेर, दोन-तीन फेऱ्यांत आवळा. बऱ्याच कव्हरच्या बोल्टला खांदा असतो. तो टेकला की पुढे पॅकिंग दाबत नाही, हेडचे आटे तेवढे जातात. म्हणूनच तुमची गळती आवळून थांबली नाही.

हिंगणा_वर्कशॉप
कॉइलचं रबर फुगलं असेल तं तेही बदला, नाही तं मिसिंग (इंजिन मधेच ठिणगी चुकवणं) राहील. सिलिकॉन ट्यूबवर लिहिलेल्या वेळेपर्यंत वाळू द्या, साधारण रात्रभर. मग आयडलवर पंधरा मिनिटं चालवून कडेला टॉर्च मारा. जुन्या ऑइलचा धूर थोडा वेळ येईलच, तेवढ्यावरून कव्हर पुन्हा उघडू नका.