मैत्रिणीला न कळू देता मालवणची सहल आखायची आहे, मदत हवी आहे

माझी एक मैत्रीण परिचारिका आहे. सहकाऱ्यांकडे लग्नकार्य असो वा आजारपण, त्यांची रात्रपाळी ती आपणहून अंगावर घेते आणि सकाळी घरी आल्यावर, स्वतः चहाचा घोट घेण्याआधी, अंथरुणाला खिळलेल्या सासूबाईंची कूस बदलून त्यांच्या पाठीला पावडर लावते. सिंधुदुर्ग किल्ल्यात जपलेले शिवरायांच्या हातापायांचे ठसे पाहण्याची तिची फार इच्छा आहे. म्हणून डिसेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात, नाताळची गर्दी सुरू होण्याआधी, आम्ही मैत्रिणी तिला मुंबईहून मांडवी एक्सप्रेसने कुडाळला व तिथून मालवणला न्यायचे ठरवत आहोत. गाडी दिवसाची असल्याने कोकणही डोळे भरून पाहता येईल.

आरक्षण ६० दिवस आधी खुले होत असल्याने रजेचा प्रश्न त्यापूर्वी सुटायला हवा. तिच्या यजमानांना विश्वासात घेतले आहे. परंतु तिच्या नकळत मेट्रनबाईंशी बोलणे योग्य ठरेल का? सासूबाईंसाठी दिवसरात्र राहणारी, अशा रुग्णांची सवय असलेली बाई खात्रीने कशी शोधावी? ती व्यवस्था चोख नसेल, तर मैत्रीण घराबाहेर पाऊलही टाकणार नाही. तारकर्ली किंवा देवबागला शांत, घरगुती जेवण देणारे निवास व न्याहरीचे ठिकाण कोणी स्वतः राहून अनुभवले असल्यास कृपया सुचवावे.